फोनवाली बाई

डिंगोऱ्याच्या विहारात चौदा एप्रिलच्या आधी गाण्यांची तालीम चालायची, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा द्रौपदाचा आवाज वेगळा ओळखू यायचा. तो गोड होता असं नाही, जरा घोगराच होता. पण ती ओळ उचलायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई सगळ्यांसाठी नाही, आपल्या एकट्यासाठी म्हणतेय.

द्रौपदा अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा सोपान गवंडी. एक मुलगी, तेजस्विनी. तेजूच्या पाठीवर एक मुलगा झाला होता, नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. हाताच्या ओंजळीत मावेल एवढा जन्मला आणि आठवडाभरात गेला. त्या पोटुशीपणात द्रौपदा दिवसभर खुरपायला जायची आणि सगळ्यांची जेवणं उरकली की टोपल्यात उरेल ती भाकरी खायची. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं, अडतं, असं घरातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनाही कुणी तरी तसंच सांगितलेलं. पुढं अंगणवाडीत लागल्यावर सेविकाताईंच्या तोंडून तिनं ऐकलं की मूल पोटातच उपाशी राहतं, तेव्हा ती परसात जाऊन बराच वेळ बसली होती. त्यानंतर गावातली कुठलीही गरोदर बाई अंगणवाडीत खाऊ न्यायला आली, की द्रौपदा तिला तो घरी नेऊच द्यायची नाही. "हितं बस. माझ्यादेखत खा." घरी गेलं की ते सासऱ्याच्या नाहीतर पोरांच्या ताटात पडतं, हे तिला ठाऊक होतं.

तेजू ओतूरला बारावीपर्यंत शिकली. त्याच रस्त्यानं कळंबचा संपत कांद्याचा टेम्पो घेऊन माळशेज घाटातून कल्याणला जायचा. एसटी चुकलेल्या पोरापोरींना तो टेम्पोत घ्यायचा. तेजूचं आणि त्याचं कधी जुळलं ते द्रौपदाला कळलं नाही. २००६ च्या उन्हाळ्यात एके दिवशी तेजू कॉलेजला म्हणून गेली आणि पुण्याला कोर्टात लग्न करून थेट कळंबला नांदायला गेली.

सोपान दोन दिवस कामावर गेला नाही. विटांच्या थप्पीवर बसून राहिला. "लगीन केलं त्येचं काय न्हाई," तो म्हणाला. "पोरगा कष्टाळू हाय. पन सांगितलं आसतं तर मीच गेलो आसतो ना सह्या करायला."

महिन्याभरानं द्रौपदा एकटीच कळंबला गेली. पिशवीत एक साडी, हिरव्या बांगड्या आणि तेजूला आवडायच्या म्हणून केलेल्या मासवड्या. गावाबाहेर वस्तीवर संपतचं घर होतं. दोन खोल्या पत्र्याच्या, पुढं ओटा. ओट्यावर संपतची आई प्रयागबाई लसूण निवडत बसली होती. गळ्यात तुळशीची माळ, कपाळ मोकळं. नवरा कुशाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. द्रौपदाला पाहताच ती कोण असेल हे तिनं ओळखलं. ती उठून दारात उभी राहिली.

"आत येऊ नका," प्रयागबाई म्हणाली. आवाज चढा नव्हता, उलट हळूच बोलली ती. "पोरानं आणली, मी घरात घेतली. तिचं काय कमी करनार न्हाई. पन भावकी तापलीय आमची. हीर सामायिक हाय, पाण्याची पाळी बंद करू म्हनत्यात. माह्यारचं माणूस हितं दिसलं की संपलं. लेकीचं बरं व्हावं वाटत आसंल तर पुन्हा येऊ नका बाई."

द्रौपदाला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. दाराच्या फटीतून पिवळ्या साडीचा काठ दिसत होता, तो हलला नाही. प्रयागबाईनं पाणी विचारलं नाही. द्रौपदानं पिशवी ओट्यावर ठेवायला हात पुढं केला, तर तिनं मान हलवली. पिशवी परत डिंगोऱ्याला आली. सोपाननं त्या रात्री मासवडी तोंडाला लावली नाही. द्रौपदानं सकाळी शेजारच्या पोरांना वाटून टाकली.

मग दोन वर्षं काहीच कळलं नाही. संपतनं कांद्याची गाडी सोडली आणि मंचरकडं एका डेअरीच्या गाडीवर लागला, म्हणजे तो रस्ताही तुटला. द्रौपदा तरी कल्याणकडं जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोच्या काचेत बघायची. तेजूच्या वयाची कुणी पोर माहेरपणाला आली की तिच्या घरावरून जाताना द्रौपदा पदर पुढं ओढून घ्यायची. नागपंचमीला गावातल्या लेकी फेर धरायच्या, तेव्हा ती मुद्दाम शेतात काम काढायची.

२००८ साली जुन्नरला एका लहानशा संस्थेनं नवीन काम सुरू केलं. तोवर मोबाईल घरोघर पोचला होता. सायंकाळी पुरुष घरी आले की फोनही घरी असायचा. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या गरीब घरच्या गरोदर बायकांच्या घरचे नंबर अंगणवाडीतून घ्यायचे आणि आठवड्यातून दोनदा, दिवेलागणीला, कॉम्प्युटरनं त्यांना आपोआप फोन लावायचा. फोन उचलला की आधी भरून ठेवलेला आवाज सांगणार, काय खावं, कसं खावं. पुन्हा ऐकायचं तर एक आकडा दाबायचा, काही विचारायचं तर दुसरा. मग टूं वाजलं की बाईनं आपला प्रश्न बोलायचा, तो कॉम्प्युटरमध्ये साठायचा आणि शेवटी पुन्हा टूं वाजायचं.

हे काम बघायला प्रतीक्षा म्हणून एक बाई होती, तिशीची, पुण्याहून आहारशास्त्र शिकून आलेली. आवाज कुणाचा घ्यायचा म्हणून ती गावोगाव फिरत होती. डिंगोऱ्याच्या सेविकाताई म्हणाल्या, "आमच्या द्रौपदाबाईंचा घ्या. त्यांनी खा म्हणलं की माणूस खातंच."

संस्थेची खोली एका शिलाईच्या दुकानावर होती. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या. टेबलावर कॉम्प्युटर, एक मायक्रोफोन. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून सगळी कामं घाईत. प्रतीक्षानं टाईप केलेला कागद दिला. द्रौपदानं घसा खाकरला आणि वाचलं, "गर्भवती मातेने लोह व प्रथिने यांनी युक्त असा चौरस आहार..." प्रतीक्षानं मशीन थांबवलं आणि हसायला लागली.

"मी लिहिलंय आणि मलाच झोप आली. ठेवा तो कागद मावशी. कागदात काय आहे ते तुम्हाला कळलंय ना? आता तुमच्या मुलीला सांगाल तसं सांगा."

प्रतीक्षाला काही माहीत नव्हतं. मुलगी आहे, लग्न झालंय, एवढंच. द्रौपदानं कागदाची घडी घातली. शिलाई मशीनचा आवाज गोधड्यांतून बारीक येत होता. मग ती मायक्रोफोनकडं सरकली.

"जेवलीस का गं?" ती म्हणाली. "न्हाई ना? मला ठावं हाय. सगळ्यांचं झाल्यावर बसनार तू. आज एक काम कर. भाकरी टाकता टाकता पहिली भाकरी तुझी. कुनी काय म्हनलं तर म्हन, फोनवाल्या बाईनं सांगितलंय. संगं पालेभाजी घे. शेवग्याचा पाला दारात वाया जातोय, तो घे. वर लिंबू पिळ. आन दवाखान्यातली लाल गोळी घेतली की लगीच चहा पिऊ नको, गोळीचं सगळं मातेरं व्हतं..."

प्रतीक्षानं एक शब्दही बदलला नाही.

महिन्याभरात दोन्ही तालुक्यांत फोनवाली बाई माहीत झाली. सासवांना आधी राग आला. मग त्या फोन वाजला की स्वतःच उचलायला लागल्या, आवाज मोठा करून सगळ्या घरानं ऐकायची पद्धत पडली. प्रश्न यायला लागले. पपई खाऊ का. गोळीनं शी काळी होते ते चांगलं का वाईट. नाचणी थंड का गरम. अंगणवाडी सुटली की द्रौपदा आठवड्यातून दोन दुपारी जुन्नरला यायची, कानाला हेडफोन लावून प्रश्न ऐकायची, प्रतीक्षाशी बोलून उत्तरं भरायची.

श्रावणात एका दुपारी तिनं हेडफोन लावला. दोन-तीन प्रश्न नेहमीचे. मग एक वयस्क आवाज आला.

"बाई, कळंबवरनं बोलतीय. आमच्या सुनंला पाचवा सरतोय. पोटात काय ठरत न्हाई. वाळून चाललीय पोरगी. डोहाळं काय लागल्यात म्हनून विचारलं तर काय न्हाई म्हनती. माझ्या घरात एवढीच सून हाय. काय देऊ तिला?"

द्रौपदानं आवाज ओळखला. तो तिनं एकदाच ऐकला होता, दारात. आणि प्रश्न संपून टूं वाजायच्या आधी मागून कुणीतरी हळू म्हणालं, "आत्या, नाव नका सांगू."

ती तेजू होती.

द्रौपदानं पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. त्या चार शब्दांशिवाय त्यात काही नव्हतं. पण तेजूला सर्दी झालेली आहे, ती उभी नाही, बसलेली आहे, भिंतीला टेकून बोलतेय, एवढं तिला कळलं. तेजू दोन जिवांची होती आणि ते आईला मशीनमधून कळत होतं. प्रतीक्षा चहा घेऊन आली तेव्हा द्रौपदाचे दोन्ही हात हेडफोनवर दाबलेले होते आणि डोळ्यांचं पाणी हनुवटीवरून टेबलावर पडत होतं.

तिनं प्रतीक्षाला सगळं सांगितलं. प्रतीक्षानं चहाचे कप बाजूला ठेवले. मग म्हणाली, "मावशी, नंबर कॉम्प्युटरमध्ये आहे. द्यायचा नसतो कुणाला. पण तुम्ही आई आहात. आत्ता लावायचा तर लावा. मी बाहेर बसते."

द्रौपदा फोनकडं बघत राहिली. लावला तर उचलणार संपत नाहीतर प्रयागबाई. तिला कळलं, की फोनवाली बाई म्हणजे विहिणीचाच आवाज, तर ती घाबरून फोनच बंद करेल. मग तेजूला पहिली भाकरी कोण देणार? आज त्या घरात सासू विचारतेय, काय देऊ. हे विचारणं बंद पडायला नको.

"नको," द्रौपदा म्हणाली. "मशीन चालू करा."

त्या दिवशीचं उत्तर कितीतरी बायकांनी ऐकलं असेल. "ज्या पोरीच्या पोटात काय ठरत न्हाई, तिला हुलग्याचं माडगं द्या. पातळ करा, लसणाची फोडणी, थोडी चिंच. एकदम वाटीभर नको. चार घोट, मग घटकाभरानं चार घोट. रात्री उशाशी ज्वारीच्या लाह्या ठिवा, सकाळी उठायच्या आधी चावायला. आन गं पोरी, डोहाळं लागलं आसतील तर तोंड उघड. डोहाळं सांगायला लाजायचं न्हाई. तुझ्या सासूनं विचारलंय म्हंजी तिला द्यायचंय."

तेजू लहानपणी आजारी पडली की माडग्याशिवाय दुसरं काही घ्यायची नाही.

घरी आल्यावर तिनं सोपानला सांगितलं. तो ओट्यावर बसून वहाणा काढत होता. एक वहाण हातात तशीच राहिली.

"बोलली?" त्यानं विचारलं.

"सासूशी बोलली. माझ्याशी न्हाई."

"कशी वाटली?"

"सर्दी झालीय."

सोपाननं हातातली वहाण खाली ठेवली. मग म्हणाला, "ओल्या सारवनावर बसत आसंल. तिला सवय हाय ती." एवढं बोलून तो आत गेला आणि तोंड धुवायला त्याला फार वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात कळंबचा प्रश्न पुन्हा होता. प्रयागबाईचा आवाज या वेळी खालचा, कुणी ऐकेल म्हणून दबलेला. "बाई, माडगं ठरलं. लई बरं झालं. पोरीनं डोहाळं बी सांगितलं. सुकट पायजे म्हनती. आमी माळकरी. आमच्या घरात मासळीचं नावसुदिक निघत न्हाई. म्या म्हनलं, आगं कसं जमंल. ती काय बोलली न्हाई, पन तोंड येवढंसं झालं. तवा विचारते, घराच्या भाईर परड्यात चूल मांडली, भांडं येगळं ठिवलं, तर चालंल का? देव कोपंल का?"

द्रौपदाला हसू आलं आणि रडूही आलं. सुकट तेजूचा जीव की प्राण. तव्यावर भाजायची, लसूण-मिरची टाकायची, बाजरीच्या भाकरीबरोबर. त्या दोन खोल्यांच्या घरात ती पोर कुणाला न सांगता त्या वासाला झुरत होती. आणि जिनं दारातून परत लावलं, तीच बाई आता तिच्यासाठी परड्यात दगड मांडायला निघाली होती.

प्रतीक्षा म्हणाली, "सुकट चांगलीच आहे मावशी. फक्त खारट फार, धुऊन घ्यायला सांगा. बाकी देवाचं उत्तर तुम्हीच द्या."

"देव कोपत न्हाई," द्रौपदानं मायक्रोफोनमध्ये सांगितलं. "पोटुशीच्या ताटावर कुनाचा देव कोपत आसंल असं मला वाटत न्हाई. परड्यात तीन दगड मांडा. सुकट दोन-तीन पाण्यानं धुवा, मीठ जाऊ द्या. डोकी काढा. मंद आचंवर भाजा. ज्यांना चालत न्हाई त्यांनी मोड आलेली मटकी खावी, गूळ-शेंगदाणं खावं. पन जिचा जीव सुकटीवर गेलाय तिला मटकी देऊन काय उपेग? आन ज्या सासूनं हे इचारलं ना, तिला माझा नमस्कार सांगा."

हे शेवटचं वाक्य ठेवायचं की काढायचं, यावर प्रतीक्षानं विचार केला आणि ठेवलं.

नंतरचे महिने द्रौपदा जगली ती मंगळवार आणि शुक्रवारवर. कधी कळंबचा प्रश्न असायचा, कधी नसायचा. नसला की परतीच्या एसटीत ती कुणाशी बोलायची नाही. प्रयागबाई आता मोकळं बोलायची. पाय सुजलेत, काय करू. वजन वाढलंय, नर्सबाई खूश झाली. तेजूचा आवाज मात्र पुन्हा आला नाही. एकदा प्रश्न संपल्यावरही फोन लगेच ठेवला गेला नाही. गायीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती आणि कुणाचा तरी श्वास. मग टूं वाजलं. द्रौपदाला वाटलं, तो श्वास तेजूचाच. विचारणार कुणाला?

थंडीत एका शुक्रवारी ती खोलीत शिरली तर प्रतीक्षा दारातच उभी होती. "मावशी, आधी ऐका."

"बाई," हेडफोनमध्ये प्रयागबाई जवळजवळ ओरडत होती, "नातू झाला! मंचरच्या दवाखान्यात. चांगला तीन किलोचा भरला. दोघं बी सुखरूप हायेत. तुमीच केलं समदं. नाव शौर्य ठिवायचं म्हनतोय संपत. बाई, तुमचं नाव काय, गाव कंचं? एकदा माझ्या घरी या. तुमाला साडीचोळी करायचीय."

द्रौपदानं हेडफोन प्रतीक्षाच्या हातात दिला आणि खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर बाजार भरला होता. ज्या दारात तिला पाणी मिळालं नव्हतं, त्या दारात तिला बोलावणं आलं होतं, आणि ते तिला नव्हतंच.

तिनं उत्तर भरलं नाही. म्हणजे बाळंतिणीला अळीव द्या, डिंक द्या, मेथी द्या, पाणी भरपूर पाजा, बाळाला पहिलं पिवळं दूध टाकून देऊ नका, हे सगळं तिनं सगळ्यांसाठी सांगितलं. नाव, गाव सांगितलं नाही.

पण प्रयागबाई ऐकणारी नव्हती. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा ती कळंबच्या अंगणवाडीत विचारून, एसटी बदलत, जुन्नरला आली. दुपार होती. जिन्यावर चपलांचा आवाज झाला. दारात प्रयागबाई, काखेत पिशवी, धापा टाकत.

"ती फोनवाली बाई हितंच बसती ना?"

द्रौपदा टेबलाशी बसली होती. ती उठली. बोलायला हवं होतं, पण पुन्हा तेच झालं, शब्द निघेना. प्रयागबाई तिच्याकडं बघत राहिली. आधी ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी हितं कशाला?" आणि मग, स्वतःशीच, "न्हाई. त्या दिशी दारात तुमी बोललाच न्हाई. तुमचा आवाज मी ऐकलेलाच न्हाई."

"बसा," द्रौपदा म्हणाली. "लई पायऱ्या चढून आलात."

त्या तेवढ्याशा बोलण्यानं सगळं उलगडलं. प्रयागबाई भिंतीला धरून खाली बसली. प्रतीक्षा उठून बाहेर गेली. द्रौपदानं तांब्याभर पाणी आणून समोर ठेवलं. प्रयागबाई तांब्याकडं बघत होती. किती तरी वेळ बघत होती. मग तिनं तो उचलला आणि घटाघटा सगळा प्याली, मानेवरून पाणी माळेवर ओघळलं.

"तिला ठावं व्हतं?" तिनं विचारलं.

"आईचा आवाज हाय. ठावं आसंलच."

"तरीच." प्रयागबाई मान हलवत राहिली. "फोन वाजला की हातातलं पीठ तसंच ठेवून यायची. म्या म्हनायचे, कशी गुनाची पोर, खान्यापिन्याचं येवढं मन लावून ऐकती. एकदा ऐकून झालं की पुन्हा लावा म्हनायची. पुन्हा, पुन्हा. मला वाटायचं इसरती म्हनून."

द्रौपदा तोंडाला पदर लावून बसली होती.

"मला का न्हाई सांगितलं तुमी?"

"सांगितलं आसतं तर फोन उचलला आसता का?"

प्रयागबाईनं पिशवीतून साडी काढली, मोरपंखी, चांगली जड. द्रौपदाच्या मांडीवर ठेवली. "घरी या म्हनाले व्हते," ती म्हणाली. "म्या मनापासनं म्हनाले व्हते. पन भावकीचं अजून तसंच हाय. मी एकली बाई, पोरगं गाडीवर. ते घर माझ्या एकलीचं न्हाई ओ. मला अजून या म्हनता येत न्हाई तुमाला." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "मला लाज वाटती."

"मला कळतं," द्रौपदा म्हणाली, आणि तिला खरंच कळत होतं. त्यानं दुखायचं थांबत नव्हतं, एवढंच. "बाळ कुनासारखं हाय?"

"कपाळ आमचं. बाकी समदं..." प्रयागबाईनं तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. "हनुवटी ही हितली."

ते काम वर्षभर चाललं आणि मग संस्थेचा पैसा संपला. कॉम्प्युटर झाकून ठेवला, गोधड्या ज्याच्या त्याला परत गेल्या, प्रतीक्षा दुसऱ्या जिल्ह्यात गेली. सोपाननं दिवाळीच्या आधी एक जुना मोबाईल घेतला आणि त्याचा नंबर अंगणवाडीमार्फत कळंबला पोचला. पहिला फोन कळंबवरूनच आला. बाळाला दात येतायत, जुलाब होतायत, असं प्रयागबाई सांगत होती. द्रौपदानं काय द्यायचं ते सांगितलं. मग फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला, आणि "आई" अशी हाक आली. द्रौपदा उभी होती ती खाली बसली. त्या दिवशी त्या दोघी काय बोलल्या ते विचारलं तर तिला सांगता येत नाही. बहुतेक रडल्याच.

तसे फोन येत राहिले. पण आवाजानं भूक भागत नाही, वाढतेच. तेजू सांगायची, शौर्य रांगतो, शौर्य धरून उभा राहतो, आणि द्रौपदा डोळे मिटून ते बघायचा प्रयत्न करायची. पोराचा रंग कसा, केस कसे, काही दिसायचं नाही.

थंडी पडल्यावर प्रयागबाईनं फोन केला. "बाळाचा नवस हाय लेण्याद्रीच्या गनपतीला. रविवारी येतोय आमी, मी आन सून. डोंगर काय भावकीचा न्हाई. तुमची लेणी बी तितंच हायेत न्हवं? तुमी आपल्या लेण्याला या."

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं द्रौपदा डबा घेऊन लेण्याद्रीच्या पायथ्याशी, गोळेगावला उतरली. सोपाननं ऐन वेळी पाय मागं घेतला. "तू बघून ये. मला बघवायचं न्हाई ती परत जाताना," म्हणाला. पायऱ्यांच्या अर्ध्यावर, वळणाच्या कठड्याशी ती बसून राहिली. खाली शेतं, पलीकडं जुन्नर, त्यामागं शिवनेरी. खालून दोन बायका वर येताना दिसल्या. मागची प्रयागबाई. पुढची अंगानं भरलेली, कडेवर पोर घेतलेली, दर चार पायऱ्यांनी वर बघणारी.

तेजू आली आणि आईच्या शेजारी बसली. जणू काल बाजारातून सोबत परतल्या होत्या. शौर्यनं द्रौपदाच्या नाकाला हात लावला आणि रडायला लागला. मग तिनं डब्यातून मोडून दिलेला भाकरीचा तुकडा घेऊन गप्प झाला. तिनं त्याचं कपाळ पाहिलं, कान, हनुवटी, पायाची बोटं. प्रयागबाईनं पदर खोचला. "मी याला देवाच्या पायावर घालून आनते," म्हणाली. "पायऱ्या लई हायेत. तुमी बसा." पोराला घेऊन ती एकटीच वर गेली.

तेजूनं आईच्या डब्यातलं खाल्लं. पोटभर खाल्लं. बोलायचं म्हणून दोघींनी खूप काही साठवलं होतं, ते बाजूलाच राहिलं. ऊन चढलं. पहाटेपासून उठलेली, रात्री पोरानं जागवलेली तेजू बोलता बोलता कलंडली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांना आता वेगळ्या तेलाचा वास होता. द्रौपदाचा पाय मुंग्यांनी बधिर झाला. तिनं तो हलवला नाही.

दर्शन उरकून प्रयागबाई नातवाला घेऊन खाली उतरत आली. तिनं दोघींना पाहिलं. खाली गावात परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला. द्रौपदानं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि तेजूला उठवायला हात उचलला.

"ऱ्हाऊ द्या," प्रयागबाई म्हणाली. ती चार पायऱ्या वरच, त्यांच्याकडं पाठ करून बसली आणि शौर्यला मांडीवर थोपटायला लागली. "पोर दमलीय. पुढची गाडी हाय ना."